घरातल्या घरात कॉलेजला जाताना

परवा संध्याकाळी शेजारची पोरगी भिंतीवरून डोकावली आणि म्हणाली, "अव्वा, भाभी आली का शाळंतनं?"

"न्हाय अजून. ये की, बस."

ती आली आणि ओट्यावर माझ्याशेजारी टेकली. मी चटणीसाठी शेंगा फोडत होते. तिनंही एक मूठ पुढं ओढली, निम्म्या फोडल्या, निम्म्या खाल्ल्या. मग हळूच विषय काढला. बारावी झालीय, ऑनलाइन कॉलेजला नाव घालायचंय. अब्बा म्हणतात, घरी बसून होतंय तर बरंच हाय. माझ्या सुनेनं तसंच शिकून पदवी घेतली, म्हणून आधी काय काय माहीत पाहिजे ते तिला विचारायचं होतं.

"मग मला विचार की," मी म्हटलं.

पोरगी हसली. "तुमाला काय म्हाईत अव्वा?"

हसण्यासारखंच आहे म्हणा. माझी शाळा दुधनीची, कानडी, ती पण चौथीपर्यंत. लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा मराठी नुसतं बोलता यायचं, तेही मोडकंतोडकं. वाचायला मी दुकानांच्या पाट्यांवरून आणि बसच्या बोर्डावरून शिकले. कुणी शिकवायला बसलं नाही, मी बसची वाट बघत उभी असायचे, तेवढ्या वेळात शिकले. कॉलेज तर मी बाहेरून पण धड बघितलेलं नाही. पण माझी सून तीन वर्षं ज्या कॉलेजला गेली ते माझ्या स्वयंपाकघराच्या शेजारच्या खोलीत होतं, बरं का. मी इकडं भाकरी थापायची आणि तिकडून मास्तर हिशेबाचे नियम सांगायचे. त्यातलं मला काही कळलं नाही, पण तिथं बसून शिकणारीचं काय होतं ते मी रोज बघितलंय.

सून श्रीपूरकडची. वडील साखर कारखान्यात होते. कॉलेजचं पहिलं वर्ष करून लग्न झालं, मग पोटात नात आली आणि पुस्तकं माळ्यावर गेली. नात बालवाडीत जायला लागल्यावर हिनं जवळच्या शाळेच्या ऑफिसात काम धरलं, तात्पुरतं. हात चांगला, वागणं चांगलं. शाळेच्या मोठ्या बाईंनी एकदा बसवून सांगितलं, "आपल्या क्लार्क बाई तीन वर्षांनी निवृत्त होतायत. ती जागा तुला मिळावी असं मला वाटतं. पण पदवी लागेल. तोवर मिळव. नंतर मी थांबवू शकणार नाही."

त्या दिवशी सून घरी आली ती वेगळीच चालत आली. जेवताना तिनंच सांगितलं. माझा मुलगा टॉवेलच्या कारखान्यात, पाळीपाळीनं कामाला. तो म्हणाला, "कर की. ऑनलाइन कर. हल्ली सगळे करतेत."

आणि मग फोन सुरू झाले. कुठं एकदा मोबाइलवर बोट लावलं असेल तिनं, तर एक गोड आवाजाची मुलगी रोज फोन करायची. म्हणे आजच नाव घाला, उद्या सूट संपली, एका वर्षात पदवी हातात. सून जवळजवळ हो म्हणणार होती. मी म्हटलं, अगं, बाजारात ज्वारी घेताना आपण मूठ हातात घेऊन फुंकर मारतो, आणि हे कॉलेज तू आवाजावर घेणार? मग ती मोठ्या बाईंकडेच गेली आणि विचारून आली, कुठली पदवी तुमच्याकडं चालेल, कुठली नाही. बाईंनी सरकारी यादी कशी बघायची ते दाखवलं. गोड आवाजाचं कॉलेज त्या यादीत नव्हतंच. दुसरं होतं, मान्यतेचं, तीन वर्षांचं. तिथं नाव घातलं.

"एवढं तर मला पण म्हाईत हाय," पोरगी म्हणाली.

"माहीत असंल. बघितलंस का?"

ती शेंगा फोडायला लागली.

तर पहिलं वर्ष. मास्तर ठरल्या वेळेला शिकवायचे आणि ते सगळं नंतर बघायला मोबाइलवर मिळायचं. ही सोय म्हणजेच घोटाळा होता. आपण सोलापूरची माणसं. नळाला रोज पाणी येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं, म्हणून जे येईल ते साठवायचं हे आपल्या अंगात भिनलेलं. हौद भरायचा, पिंपं भरायची, कळशा, पातेली, शेवटी तांबे सुद्धा. भरलं की जीव शांत. सुनेनं तास तसेच साठवले. आज पाहुणे आहेत, साठव. आज नातीला ताप आहे, साठव. मोबाइलमध्ये आहेत ना, कुठं जातायत. हौद भरलेला बघून जशी आपल्याला झोप लागते तशी तिला लागायची.

मग परीक्षा जवळ आली आणि तो हौद उपसायला बसली, तर तळ सापडेना. एक विषय राहिला त्या वर्षी. गुपचूप रडली मोरीत, पाण्याचा आवाज करून, म्हणून तर मला कळलं. नळाला पाणी नसायचा दिवस होता तो. पिंपातलं पाणी तांब्यानं ओतून ओतून आवाज काढत होती बिचारी.

मी म्हटलं, "नवं पाणी आलं की आपण शिळं ओतून देतो का न्हाय?"

"देतो."

"मग तासाचं पण तसंच. ज्या दिवशीचा त्या दिवशी पी."

तेव्हापासून ती ठरल्या वेळेला बसायला लागली. संध्याकाळी, शाळेतून आल्यावर. राहिलेला विषयही पुढच्या खेपेला सुटला. पण ठरल्या वेळेला बसली आणि खरी गंमत तिथून पुढं सुरू झाली.

घरात बसलेली बाई म्हणजे रिकामी बाई, हा आपल्याकडचा कायदा. कुणी केला माहीत नाही, पण सगळे पाळतात. माझा मुलगा याच शहरात कॉलेजला जायचा. सकाळी दप्तर पाठीला लावून गेला की गेला. गॅस संपला तरी त्याला कुणी हाक मारायचं नाही, कारण तो नव्हताच घरात. आणि ही? दाराआड बसलेली, कानात ती मोबाइलची बोंडं घातलेली, समोर मास्तर बोलतायत. गेलं कुणी की "अगं, एवढं दूध बघ," "अगं, कुरिअरवाला आलाय," "अगं, माझा चष्मा." ती एका कानातलं बोंड काढून उठायची. माघारी येईपर्यंत मास्तर पुढच्या पानावर.

आमच्या घरच्यांचा, म्हणजे माझ्या मालकांचा, तर प्रश्नच वेगळा. ते गिरणीतून निवृत्त झालेले. गिरणीत मागांच्या आवाजात जन्म गेला, त्यामुळं टीव्ही मोठा लागतो आणि बोलणं त्याहून मोठं.

"कालेज हाय म्हणती," ते मला म्हणायचे, "मग ही हितं कशी?"

"कालेजच हितं आलंय."

"मास्तर कुटं हाय?"

"मोबाइलात."

"मग मास्तरला थांब म्हण की जरा. चहा टाक म्हणावं तिला."

सून हसायची, चहा टाकायची. तिची काही तक्रार नव्हती, हेच अवघड होतं. तक्रार केली असती तर भांडता तरी आलं असतं. असं करत करत तिनं दोन वर्षं ओढली, तिसरंही ओढत आणलं.

मग शेवटची परीक्षा आली. ती घरूनच द्यायची होती. आम्हाला बरं वाटलं, कुठं उन्हात जायला नको. घरून म्हणजे कशी ते आधी विचारायला पाहिजे होतं. मोबाइलचा कॅमेरा पूर्ण वेळ चालू. खोलीत दुसरं माणूस दिसायचं नाही, दुसरा आवाज यायचा नाही. आला तर पडद्यावर तांबडी सूचना येते, आणि अशा तीन आल्या की पेपर बंद. सुनेनं हे सगळं सांगितलं घरात. नवऱ्याला सांगितलं, सासऱ्याला सांगितलं, मला सांगितलं. होटगीहून आलेल्या माझ्या नणंदेला सांगायचं राहिलं.

वन्सं म्हणजे मायाळू बाई. भाचसुनेची परीक्षा आहे कळल्यावर सकाळच्या गाडीनं मुद्दाम आल्या. परीक्षेला जाणाऱ्याच्या हातावर दही-साखर घालायची ही आपली रीत. पण ही तर कुठं जाणारच नव्हती, मग तिला गाठायचं कधी? मी मोरीत होते. वन्संनी वाटी घेतली, दार उघडलं आणि गेल्या आत.

"बाळ, हात कर पुढं."

सुनेनं मान हलवली. बोलता येत नाही, वळता येत नाही. वन्संना वाटलं, पोरगी लाजतीय. त्यांनी हनुवटी धरून दही तोंडातच घातलं, वर डोक्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. तांबडी सूचना आली. वन्संनी मोबाइलात वाकून बघितलं, स्वतःचंच तोंड दिसलं. म्हणाल्या, "आगं, मी पण दिसतीय की हितं." दुसरी आली. मी पळत आले आणि दारातून म्हटलं, "वन्सं, भाईर या." ती तिसरी.

पेपर बंद झाला. सुनेच्या ओठाला दही तसंच होतं.

वन्सं रडायलाच लागल्या. "मला काय ठावं वयनी, दही चालत न्हाय त्या मशिनीला." त्यांना काय बोलणार. सूनच त्यांना पाणी देऊन समजावत बसली. मग कॉलेजला फोन लावला, एकदा नाही, लागेपर्यंत लावला. तिकडचे मास्तर भले निघाले. बाकीचे पेपर नीट झाले तर या एका पेपराची एकच संधी आणखी देऊ म्हणाले. तीही गेली तर मग पुढची परीक्षा, सहा महिन्यांनी. आणि शाळेतल्या क्लार्क बाई त्याच्या आधीच निवृत्त होणार होत्या. म्हणजे जागेचं जे काय व्हायचं ते आता एका पेपरावर आलं.

बाकीचे पेपर आम्ही सगळ्यांनी श्वास धरून पार पाडले. पण त्या शेवटच्या पेपराच्या आदल्या दिवशी गल्लीत खबर आली की उद्या सकाळी पाणी सोडणार.

पाण्याचा दिवस म्हणजे काय असतो ते सोलापूरच्या माणसाला सांगायला नको, आणि बाहेरच्याला सांगून कळत नाही. सगळी गल्ली नळावर असते. पाणी ओढायच्या मोटारींचा आवाज, कळशांचा आवाज, आणि प्रत्येक घरातल्या सुनेच्या नावानं हाका. आमचा नळ बाहेर, ओट्याच्या खाली, आणि त्याच्या वर जी खिडकी आहे त्या खिडकीशीच मोबाइलला रेंज येते. दुसरीकडं कुठं येत नाही. मालक म्हणाले, तिला कुणाच्या तरी घरी पाठवू. पण कुणाच्या घरी पाणी येणार नव्हतं?

मी भाकरी थापत विचार करत होते. मुलगा कॉलेजला जायचा तेव्हा काय होतं, जे हिच्या वेळी नव्हतं? पुस्तकं तीच. मास्तर तसेच. तो दारातून जायचा, एवढंच. गल्ली त्याला जाताना बघायची.

मी सुनेला म्हटलं, "उद्या तू जा."

"कुठं?"

"कॉलेजला."

तिला वाटलं असेल, सासूला ऊन लागलं.

सकाळी तिनं अंघोळ केली, चांगला ड्रेस घातला, खांद्याला पर्स लावली. मी उंबऱ्याशी उभं राहून तिच्या हातावर दही-साखर घातली. मालक टीव्ही बंद करून ओट्यावर आले, त्यांना मी सांगूनच ठेवलं होतं. सून दोघांच्या पाया पडली आणि मला मोठ्यानं म्हणाली, "येते आत्या, पेपर आहे." चपला घातल्या आणि गल्लीतून गेली. शेजारीण, या पोरीची आई, दारात कळशा मांडून बसली होती. तिनं बघितलं. पलीकडच्या दोघीतिघींनी बघितलं. सून कोपऱ्यावरून वळली, मागच्या बोळात शिरली, आणि मी मोरीकडचं दार उघडून ठेवलं होतं त्यातून आत आली. चपला हातात होत्या. त्या मी पदराखाली घेतल्या आणि पिंपामागं ठेवल्या. उंबऱ्यावर चपला दिसल्या असत्या तर सगळं नाटक वाया गेलं असतं.

खोलीचं दार लागलं. खिडकीला मी गोधडी लावली होती, दुहेरी.

पेपर सुरू झाला आणि थोड्याच वेळात नळ फुसफुसला.

शेजारीण भिंतीवरून ओरडली, "अम्मा, पानी आया. बहू को बुलाव."

"ती पेपराला गेलीय की."

"हौ, गई सो देखी मैं. फिर तुमारा पानी कौन भरता?"

"मी आणि हे."

मोटार लावायची सोय नव्हती, आमची मोटार ओरडते फार. म्हणून हातानं भरायचं ठरलं. मी नळाखाली कळशी धरायची आणि मालकांनी आत न्यायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या माणसानं पाण्याच्या दिवशी कळशी उचललेली मी पहिल्यांदा बघितली. धोतर खोचून, एक शब्द न बोलता, दबक्या पावलांनी चालत होते. कळशी पिंपात ओतताना सुद्धा काठाला लावून हळूच, मांजरासारखी. मला हसू यायचं, मग मी पदर तोंडात धरायचे.

शेजारणीनं ते बघितलं. "क्या अम्मा, मामू पानी भरतैं? तबेत तो ठीक है ना?"

मी खिडकीकडं बघितलं, मग तिच्याकडं बघितलं, आणि ओठावर बोट ठेवलं. ती शहाणी बाई. खिडकीवरची गोधडी तिनं बघितली. एवढ्या उकाड्यात खिडकीला गोधडी कोण लावतं? तिला सगळं कळलं असणार. ती आत गेली आणि आपली मोटार बंद केली. मग पलीकडच्या घरात जाऊन काय सांगितलं कोण जाणे, तिकडचीही बंद झाली. त्या सकाळी आमच्या गल्लीच्या त्या टोकाला बायकांनी हातानं पाणी भरलं. कुणी कुणाला हाक मारली नाही. पाणी लागलं तर खूण करायच्या. मधूनच कुणाची तरी कळशी फरशीला लागायची, की सगळ्यांच्या माना खिडकीकडं. मी आत बघू शकत नव्हते. आत तांबडं काही उमटतंय की नाही, ते खिडकीबाहेर काय कळणार? मी नुसती कळशी भरत होते.

पाणी गेलं. मालक ओट्यावर बसून दंडाला तेल चोळत होते. तेवढ्यात मोरीकडचं दार हळूच वाजलं. मला वाटलं, सून आता पुढं येऊन सांगेल. पण ती आली नाही. पिंपामागच्या चपलाही नव्हत्या.

आणि मग ती गल्लीच्या कोपऱ्यावरून आली. खांद्याला पर्स, उन्हातून आल्यासारखी. शेजारणीच्या दारावरून, सगळ्यांच्या समोरून, पुढच्या दारानं. उंबऱ्यावर चपला काढल्या.

"आले आत्या," म्हणाली.

बाहेरून माणूस आलं की आधी पाणी द्यायचं, मग विचारायचं. मी नव्या पाण्याचा तांब्या तिच्या हातात दिला. तीन वर्षं ती कॉलेजला जाऊन येत होती आणि असं पाणी तिला कुणी दिलं नव्हतं, कारण ती कुठून आलेलीच नसायची. तिनं उभ्यानंच सगळा तांब्या रिकामा केला.

मालकांनी विचारलं, "बंद न्हाय न्हवं पडलं मशिन?"

"नाही मामा. एकदा पण तांबडं आलं नाही."

"मग झालं," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांचा खांदा असा धरला की वन्संना होटगीहून बोलावून चोळून घ्यावा लागला.

निकाल लागला, ती पास झाली. जागाही मिळाली, क्लार्क बाईंनी जाण्याआधी तिला स्वतः काम समजावून दिलं. गल्लीत मी साखर वाटली तेव्हा शेजारीण एवढंच म्हणाली, "हमारा भी पानी है उसमें अम्मा." मी तिच्या हातावर जास्तीची साखर ठेवली.

शेजारच्या पोरीला हे सगळं सांगून झालं. शेंगांच्या टरफलांचा ढीग झाला होता, दाणे मात्र कमीच. मी तिला काही उपदेश केला नाही. मान्यतेचं बघ, परीक्षा कशी घेतात ते आधीच विचार, तास साठवू नको, हे बोलता बोलता झालंच होतं. बाकीचं सून येऊन सांगेल, ती अजून शाळेतच होती.

तेवढ्यात भिंतीपलीकडून तिच्या आईची हाक आली. "कहाँ बैठी गे? कपडे उठा ला."

पोरगी उठायला लागली. मी तिचा हात धरला आणि भिंतीकडं तोंड करून म्हटलं, "ती कॉलेजला गेलीय."

शेजारीण पलीकडून हसत म्हणाली, "चप्पल तो इदरीच पडी है उसकी."

मी पोरीला म्हटलं, "बघ. आधी चपला."